खाटेपाशी न विचारलेला प्रश्न

९.९ आणि १५.०. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयात सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांचा अभ्यास झाला, त्यातले हे दोन आकडे. अभ्यास प्रसिद्ध झाला १९९९ साली. रुग्णालयात दाखल झाल्यावर म्हातारी माणसं कधी कधी अचानक बदलतात. रात्री उठून चालू लागतात, सलाईन उपटतात, पोटच्या मुलाला ओळखत नाहीत. डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात, घरचे म्हणतात ‘आजोबांना भ्रम झाला’. नेहमीची सेवा मिळालेल्या गटात १५.० टक्के रुग्णांना हा त्रास झाला. दुसऱ्या गटात सहा गोष्टींकडे मुद्दाम लक्ष दिलं होतं, तिथे तो ९.९ टक्क्यांना झाला. म्हणजे साधारण २० जणांकडे असं लक्ष दिलं की एकाचा भ्रम टळतो. भ्रमात गेलेले दिवस मोजले तर एका गटात १६१, दुसऱ्यात १०५.

या सहा गोष्टींत नवं औषध एकही नव्हतं. भान, झोप, हालचाल, ऐकू येणं, पोटात पुरेसं पाणी जाणं आणि सहावी गोष्ट दिसणं. नजर अधू असलेल्यांना त्यांचा चष्मा किंवा भिंग दिलं, मोठ्या ठशाचा मजकूर वाचायला ठेवला, आणि नर्सला बोलावण्याच्या बटणावर चमकणारी चिकटपट्टी लावली. पाच टक्क्यांचा फरक एकट्या चष्म्याचा नव्हे, सहाही गोष्टींचा मिळून आहे, हे खरं. पण शॅरन इनूये यांच्या याच गटाने १९९३ साली दाखवलं होतं की नजर अधू असेल तर वृद्ध रुग्णाला रुग्णालयात भ्रम होण्याचा धोका साडेतीन पट असतो. आजार गंभीर असेल तर धोका किती? तोही साडेतीन पटच. तो अभ्यास लहान होता, त्यामुळे ‘साडेतीन’ ही काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. तरी गंभीर आजार आणि अधू नजर एकाच पायरीवर बसतात, ही गोष्ट वॉर्डात काम करणाऱ्या कुणालाही दचकवणारी आहे. कारण आजार किती गंभीर आहे हे केसपेपरवर असतं. नजर किती आहे, हे बहुधा नसतं.

आपल्याकडे काय होतं? ऑपरेशनला नेण्याआधी पेशंटच्या अंगावरचं सगळं काढलं जातं. बांगड्या, मंगळसूत्र, घड्याळ, कवळी आणि चष्मा. सगळं एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून नातेवाइकाच्या हातात. वॉर्डात काही राहिलं तर हरवतं, म्हणून पिशवी सरळ घरी जाते. दागिने घरीच राहिले तर बिघडत नाही, पण चष्माही तिथेच राहतो. ऑपरेशन झालेल्या आजी पुढचे तीन दिवस चष्म्याविना काढतात. घड्याळ दिसत नाही, सिस्टरचा चेहरा दिसत नाही, समोर कोण उभं आहे कळत नाही. रात्री दोन वाजता त्या ‘मला घरी न्या’ म्हणून ओरडायला लागल्या की त्यांचे हात बांधले जातात. चष्मा आणायला मात्र कुणी सांगत नाही. आणि भ्रम नेहमी ओरडतोच असंही नाही. एका प्रकारात माणूस नुसता गप्प पडून राहतो. ‘आज बरे आहेत, शांत झोपलेत’ असं पाळी बदलताना सांगितलं जातं, तो कधी कधी हाच प्रकार असतो.

दृष्टी, ताण आणि शोक हे नर्सिंगच्या अभ्यासक्रमात वेगवेगळ्या विषयांत येतात. डोळ्यांचे आजार एका पेपरात, मनाचे दुसऱ्या. पेशंट मात्र एका दमात सांगतो, ‘सिस्टर, डोळ्यांपुढे अंधारी येते, जीव घाबरतो, हे गेल्यापासून असंच चाललंय.’ या एका वाक्यात साखर असू शकते, रक्तदाब असू शकतो, काचबिंदू असू शकतो, नवरा गेल्याचं दुःख असू शकतं, आणि यातलं दोन-तीन एकत्रही. वेगळं काय ते ओळखायचं तर आधी विचारावं लागतं, आणि विचारायला खाटेपाशी उभी असते ती परिचारिका. पुढचे बहुतेक आकडे एकच गोष्ट सांगतात: विचारलं की सापडतं.

आधी किती जणांना विचारायचं ते पाहू. २०१५ ते २०१९ या काळातल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाप्रमाणे भारतात सर्व वयांत मिळून अंधत्वाचं प्रमाण ०.३६ टक्के आहे. २००६-०७ मध्ये ते १ टक्का होतं. घट मोठी आहे, पण तिच्यात एक मेख आहे. मधल्या काळात अंधत्वाची व्याख्या बदलली. पूर्वी ६/६० पेक्षा कमी दिसणारा अंध धरला जाई. आता ३/६० पेक्षा कमी दिसणारा, म्हणजे निरोगी डोळ्याला ६० मीटरवरून दिसतं ते ज्याला ३ मीटरवरूनही दिसत नाही तो. घट खरी आहेच, फक्त तिचा काही भाग मोजपट्टी बदलल्याचा आहे.

वॉर्डासाठी कामाचा आकडा वेगळा. पन्नाशीपुढच्या लोकांत अंध १.९९ टक्के, पण दृष्टी कमी असलेले सगळे मिळून १३.७६ टक्के. साधारण सातातला एक. ४० खाटांच्या वॉर्डात २० जण पन्नाशीपुढचे असतील तर देशाच्या सरासरीने त्यातल्या दोघातिघांना नीट दिसत नाही. रुग्णालयातली माणसं सरासरीपेक्षा म्हातारी आणि जास्त आजारी असतात, तेव्हा खरी संख्या याहून मोठीच असणार. शिवाय हे मोजमाप माणूस नेहमी जो चष्मा लावतो तो लावून केलेलं असतं. पिशवी घरी गेली की हे गणितही मोडतं.

या अंधत्वामागे ६६.२ टक्के वाटा एकट्या मोतीबिंदूचा, म्हणजे बऱ्या होणाऱ्या आजाराचा. ‘अजून पिकला नाही’ म्हणून थांबणारे आजही कमी नाहीत. थांबण्याची किंमत नुसती अंधूक दिसण्याइतकी नसते. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅममध्ये सत्तरीपुढच्या ३०६ बायकांवर झालेल्या चाचणीत अर्ध्याजणींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन लगेच केलं, अर्ध्याजणींना नेहमीच्या रांगेत ठेवलं. वर्षभरात पहिल्या गटातलं पडण्याचं प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी राहिलं. हाड मोडलेल्या पहिल्या गटात ४, दुसऱ्या गटात १२. मांडीचं हाड मोडून अस्थिरोग विभागात आलेल्या आजींना ‘पडलात कशा?’ हे सगळे विचारतात. ‘दिसतं का नीट?’ हे विचारलं तर कारण बऱ्याचदा तिथेच सापडेल.

घाई कुठे करायची

‘नीट दिसत नाही’ ही तक्रार ऐकली की ‘डोळ्यांच्या ओपीडीला दाखवा’ असं सांगून मोकळं होता येतं. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. काही वेळा मात्र ओपीडी उघडेपर्यंत डोळा राहत नाही, आणि एका बाबतीत तर जीवही.

ती बाब बाळंतपणाच्या वॉर्डातली. विसाव्या आठवड्यानंतर गरोदर बाईचा रक्तदाब १४०/९० च्या वर गेला, डोकं ठणकायला लागलं आणि ती ‘डोळ्यांपुढे काजवे चमकतात’ म्हणाली, तर हा अशक्तपणा नव्हे. घरचे शहाळं पाजत बसतात. झटका यायला मात्र वेळ लागत नाही. ३३ देशांतल्या १०,१४१ बायकांवर झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मॅग्पाय चाचणीत मॅग्नेशियम सल्फेट दिलेल्या गटात झटके आले ०.८ टक्क्यांना, न दिलेल्या गटात १.९ टक्क्यांना. निम्म्याहून जास्त झटके एका स्वस्त इंजेक्शनने टळले. ते इंजेक्शन वेळेवर मिळायचं तर काजव्यांची तक्रार कुणीतरी गांभीर्याने ऐकून वर कळवावी लागते, आणि उपकेंद्रात असो की जिल्हा रुग्णालयात, ती पहिल्यांदा ऐकते एएनएम किंवा सिस्टर.

दुसरी गोष्ट काचबिंदूच्या अचानक येणाऱ्या प्रकाराची. अर्धं डोकं फुटतंय, उलट्या होताहेत, डोळा लाल. घरी ‘पित्त उसळलं’ म्हणून कोकम सरबत दिलेलं असतं, आणि कॅज्युअल्टीतही कधी कधी उलटीचं इंजेक्शन देऊन परत पाठवलं जातं. डोळ्यातला दाब एरवी १० ते २१ मिलिमीटर असतो, अशा वेळी तो ५० च्या पुढे जातो. ‘दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात का?’ एवढं विचारलं तर पित्त आणि काचबिंदू वेगळे काढता येतात. तिसरी, दुखत काहीच नाही, पण एका डोळ्याची नजर क्षणात गेली. हा डोळ्याच्या पडद्याचा पक्षाघात. रक्तपुरवठा तुटल्यावर पडदा साधारण चार तास तग धरतो, म्हणून तो पक्षाघाताच्याच घाईने पाठवायचा. डोळ्यापुढे विजा चमकून, काळे ठिपके पडून एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर पडदा सुटत असल्याची शंका घ्यायची. तिथेही दिवसांची नाही, तासांची भाषा.

मधुमेहाचं गणित संथ, पण संख्येने अफाट. देशात मधुमेही १०.१ कोटी, असं २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या अभ्यासाचं अनुमान. चाळिशीपुढच्या मधुमेहींत पडद्यावर परिणाम झालेले १२.५ टक्के आणि नजर जाण्याच्या बेतात आलेले ४ टक्के, हे दुसऱ्या एका देशव्यापी अभ्यासाचे आकडे. यात नर्सने सांगावी अशी एक साधी गोष्ट आहे. साखर खूप वाढली किंवा औषध सुरू होऊन भराभर उतरली, की डोळ्यातलं भिंग फुगतं-उतरतं आणि काही आठवडे अंधूक दिसतं. पेशंट घाबरतो, ‘इन्शुलिनने डोळे गेले’ म्हणून इन्शुलिन बंद करतो, किंवा चष्म्याच्या दुकानात जाऊन नवा नंबर काढून आणतो. महिन्याभराने साखर स्थिरावते आणि तो चष्मा कपाटात जातो. इन्शुलिन सोडू नका, साखर स्थिर होईपर्यंत नंबर काढू नका, पण पडद्याची तपासणी मात्र चुकवू नका, हे सांगायला अर्धं मिनिट पुरतं.

क्षयरोगाबद्दल मात्र जरा थांबून लिहायला हवं, कारण त्याची चर्चा कमी होते. सरकारी क्षयरोग कार्यक्रमात आता रोजच्या गोळ्या असतात, आणि साध्या क्षयात एथाम्ब्युटॉल पूर्ण सहा महिने चालतं. हे औषध क्वचित डोळ्याच्या नसेला इजा करतं. किलोमागे १५ मिलिग्रॅम या मात्रेला साधारण १ टक्का, आणि मात्रा वाढत गेली की प्रमाण झपाट्याने वाढतं. मूत्रपिंड कमजोर असेल तर धोका जास्त. १ टक्का थोडाच वाटतो. पण २०२३ साली देशात क्षयाच्या २५ लाखांवर रुग्णांची नोंद झाली. त्यातल्या बहुतेकांना हे औषध मिळतं असं धरलं, तर १ टक्का म्हणजे वीस-पंचवीस हजार डोळ्यांच्या जोड्या. हा माझा पाटीवरचा हिशेब आहे, मोजलेली संख्या नव्हे. औषध वेळेत थांबवलं तर अनेकांची नजर परत येते. उशीर झाला तर येईलच असं नाही. सुरुवातीची खूण फार बारीक असते: लाल-हिरवा रंग फिका वाटतो, वाचताना अक्षराचा मधला भाग पुसट होतो. पेशंट आपणहून हे सांगत नाही, त्याला वाटतं खोकल्याने अशक्तपणा आलाय. तेव्हा दरमहा गोळ्या द्यायच्या वेळी एक-एक डोळा झाकून लाल रंगाची वस्तू दाखवायची आणि दोन्ही डोळ्यांना सारखीच लाल दिसते का विचारायचं. दोन्ही डोळ्यांना ती फिकी वाटत असेल तर तेही लिहून वर कळवायचं. यासाठी यंत्र लागत नाही. गोळ्यांच्या पाकिटाचं लाल झाकणही चालतं.

नसलेलं दिसतं तेव्हा

१७६० मध्ये स्वित्झर्लंडच्या शार्ल बॉने या निसर्गअभ्यासकाने आपल्या आजोबांबद्दल लिहून ठेवलं. आजोबा नव्वदीच्या आसपासचे, मोतीबिंदूने नजर गेलेली, डोकं मात्र शाबूत. त्यांना माणसं दिसत, पक्षी दिसत, गाड्या दिसत, इमारती दिसत. ते खरं नाही हे त्यांनाही कळत असे. नजर गेलेल्या माणसाच्या मेंदूला डोळ्याकडून पुरेसं काही येत नाही, तेव्हा तो स्वतःच चित्रं पुरवू लागतो, अशी याची आजची समजूत आहे. या स्थितीला बॉनेचंच नाव आहे. म्हातारपणी बॉनेची स्वतःची नजर गेली, तेव्हा त्यालाही चित्रं दिसू लागली.

दृष्टी बरीच कमी झालेल्यांत हे किती जणांना होतं? वेगवेगळ्या अभ्यासांत १० टक्क्यांपासून ४० टक्क्यांपर्यंत. इतकी मोठी तफावत असली की वाचकाने भुवई उंचवावी. तिचं एक कारण पद्धतीतलं आहे: प्रश्न कसा विचारला यावर उत्तर बदलतं. ‘भास होतात का?’ असं विचारलं तर कोण हो म्हणेल? ‘नजर कमी झालेल्या बऱ्याच लोकांना समोर नसलेली माणसं किंवा नक्षी दिसते, तुम्हाला कधी दिसली का?’ असं विचारलं की तोंडं उघडतात. आपल्याकडे तर भीती दुहेरी आहे. एक, ‘मला वेड लागलंय का?’ दुसरी, घरच्यांची: ‘बाहेरचं काही झालंय.’ आजींना दुपारी खिडकीशी रंगीत फेटे बांधलेली वीतभर उंचीची माणसं दिसतात असं त्या सुनेला सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी लिंबू उतरवला जातो. त्यानंतर आजी कुणालाच काही सांगत नाहीत.

अशा वेळी काय सांगायचं ते नर्सला माहीत हवं. चित्रं मुकी असतात, बोलत नाहीत. ती खरी नाहीत हे पेशंट जाणतो. दिवा लावला, नजर डावी-उजवीकडे दोन-चारदा फिरवली, जागेवरून उठलं, तर अनेकदा ती जातात. ‘हे डोळ्यांमुळे आहे, वेड नव्हे’ हे वाक्य बहुतेकांना औषधापेक्षा जास्त उपयोगी पडतं. उलट आवाज ऐकू येत असतील, दिसतं ते खरंच आहे असा हट्ट असेल, ताप असेल, किंवा कालच नवं औषध सुरू झालं असेल, तर तो बॉनेचा प्रकार नाही, डॉक्टरला लगेच बोलवायचं. नव्या औषधांत डोळ्यांचे थेंबही धरायचे. अ‍ॅट्रोपिनचे थेंब डोळ्यात घातले तरी रक्तात उतरतात आणि म्हाताऱ्या माणसाचं डोकं फिरवू शकतात.

पूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दोन्ही डोळे बांधून, डोक्याच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून माणसाला दिवसचे दिवस उताणं झोपवत. कित्येकांना त्या काळोखात भ्रम होई. बोस्टनच्या वाइसमन आणि हॅकेट या दोन मानसोपचारतज्ज्ञांनी १९५८ साली यावर लिहिलं. त्यांनी शोधलेला उपाय म्हणजे रुग्णाशी जवळीक: एकाच ओळखीच्या माणसाने पुन्हा पुन्हा येऊन बसायचं, बोलायचं, आपण कुठे आहोत आणि हा आवाज कशाचा ते सांगायचं. आता मोतीबिंदूचा पेशंट त्याच दिवशी घरी जातो, पट्ट्या आणि पिशव्या गेल्या. अतिदक्षता विभागात दिवसरात्र एकच पांढरा उजेड, खिडकी नाही, चष्मा नाही आणि यंत्रांची टिकटिक असते, तिथे मात्र १९५८ चा तो लेख जुना झालेला नाही.

आता शोकाकडे. वेल्समधल्या डेवी रीस या डॉक्टरने विधवा आणि विधुर मिळून २९३ जणांशी बोलून १९७१ साली निष्कर्ष छापले. गेलेला जोडीदार जवळ आहे असं वाटणं, दिसणं, ऐकू येणं यापैकी काहीतरी अनुभवलेले निघाले ४६.७ टक्के. जवळ असल्याची नुसती जाणीव ३९.२ टक्क्यांना, प्रत्यक्ष दिसल्याचं सांगणारे १४ टक्के, आवाज ऐकलेले १३.३ टक्के. लग्न जितकं जास्त वर्षांचं, तितकं प्रमाण जास्त. बहुतेकांना त्याचा त्रास नव्हे, आधार वाटला होता. आणि यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांनी रीस यांनी विचारेपर्यंत ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

पन्नास वर्षांपूर्वीचा, एका देशातल्या एका भागाचा हा अभ्यास. त्यातले टक्के जसेच्या तसे सातारा-सांगलीला लावू नयेत. पण दाराशी ‘हे’ उभे दिसले, असं सांगणारी बाई आपल्याला अनोळखी नाही. तेराव्याच्या आत दिसले तर घरचे समजून घेतात, वर्षाने दिसले तर धाव घेतात. तिला मोतीबिंदूही असेल तर गुंता वाढतो: दिसतंय ते शोकाचं की डोळ्यांचं? परीक्षा अवघड नाही. शोकात येतं ते ओळखीचं माणूस, बॉनेच्या प्रकारात बहुधा अनोळखी माणसं आणि नक्ष्या. दोन्हींत गोळी लिहून देण्याआधी ऐकून घ्यायचं असतं.

नजरेचं सुतक

नजर जाणं हाही मृत्यूच, असं सरधोपट म्हणायला मी तयार नाही. पण त्यात काय काय जातं याची यादी कुणी केली असेल तर ती थॉमस कॅरल या अमेरिकन धर्मगुरूने. स्वतः डोळस, आयुष्य अंधांच्या पुनर्वसनात घालवलेला माणूस. १९६१ च्या त्याच्या पुस्तकात अंधत्वामुळे होणारी २० नुकसानं मोजली आहेत. वाचन, फिरणं, नोकरी, पैशांचं स्वातंत्र्य ही तर येतातच. त्यात एक असं आहे की जे डोळस माणसाला सुचणारच नाही: गर्दीत मिसळून जाण्याची सोय जाते. पांढरी काठी घेतली की एसटी स्टँडवर सगळे तुमच्याकडे बघतात, आणि ते बघताहेत हे तुम्हाला दिसत नाही. काठी हातात घ्यायला महिनोन्‌महिने नकार देणारे पेशंट हट्टी वाटतात. त्या नकारामागे हेच असतं.

इथे नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांबद्दल एक तक्रार. शोक म्हटलं की त्यात कुब्लर-रॉस यांच्या पाच पायऱ्या येतात: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. १९६९ चं ते पुस्तक मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून आलं होतं, मागे राहिलेल्यांच्या किंवा नजर गेलेल्यांच्या नव्हे. परीक्षेत पाच पायऱ्या क्रमाने लिहिल्या की पाच गुण मिळतात, आणि मग वॉर्डात आलेला माणूस त्या क्रमाने चढत नाही म्हणून ‘अजून स्वीकारलं नाही’ असा शेरा त्याच्या माथी बसतो. काचबिंदूत तर नजर हप्त्याहप्त्याने जाते. एक दुःख पचेपर्यंत दुसरा हप्ता येतो.

दुःख किती काळ चाललं की आजार म्हणायचा, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची सूची सहा महिने म्हणते, अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांची २०२२ ची सूची प्रौढांसाठी बारा महिने. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत घर सुतकासारखं वागतं, त्यामुळे बारा महिन्यांची रेघ मला जास्त पटते. जवळचं माणूस गेलेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाचा शोक असा लांबतो, असं २०१७ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं अनुमान आहे: ९.८ टक्के. म्हणजे दहातले नऊ जण आपापल्या बळावर, आपल्या माणसांच्या आधाराने सावरतात. प्रत्येक रडणाऱ्याला समुपदेशकाकडे धाडण्याची गरज नाही.

दृष्टी कमी झालेल्यांत नैराश्याचं प्रमाण मात्र याहून बरंच जास्त आहे. २०२१ साली २७ अभ्यासांतल्या ६,९९२ रुग्णांचे आकडे एकत्र मांडले गेले. डोळ्यांच्या दवाखान्यात किंवा पुनर्वसन केंद्रात येणाऱ्या कमी दिसणाऱ्या रुग्णांत नैराश्य निघालं २५ टक्क्यांत. चारातला एक. ओपीडीच्या बाकावर शेजारी शेजारी बसलेल्या चौघांची नजर मोजली जाते, चष्म्याचा नंबर काढला जातो, दाब बघितला जातो. ‘गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही, उदास वाटतं असं झालं का?’ हे विचारलं जात नाही. त्यासाठी दोन प्रश्नांची तयार चाचणी आहे, ६ पैकी ३ गुण आले की पुढे पाठवायचं. गंभीर नैराश्य असलेल्या १०० जणांपैकी ती ८३ जणांना पकडते.

पकडून करायचं काय, हा रास्त प्रश्न. नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये कमी दिसणाऱ्या, उदासीची लक्षणं असलेल्या पन्नाशीपुढच्या २६५ जणांवर पायरीपायरीने उपचार करून पाहिले. पहिली पायरी फक्त वाट बघण्याची. मग स्वतः करायचे धडे, मग अडचणी एकेक करून सोडवण्याचं प्रशिक्षण, शेवटी डॉक्टर. दोन वर्षांनी नैराश्य किंवा चिंतेच्या आजारात गेलेले नेहमीच्या सेवेतल्या गटात ४६ टक्के, या गटात २९ टक्के. मधल्या दोन पायऱ्या मानसोपचारतज्ज्ञांनी नव्हे, पुनर्वसन केंद्रातल्या थेरपिस्ट, समाजसेवक आणि मानसशास्त्रज्ञांनी चालवल्या होत्या.

ताणाने नजर जाते का, हे पेशंट हमखास विचारतात. एका आजारात ताणाशी संबंध दिसतो: पडद्याखाली पाणी साचून समोरचं वाकडं किंवा पुसट दिसतं. अमेरिकेतल्या एका जिल्ह्यात तो लाख पुरुषांमागे वर्षाला सुमारे १० जणांना आणि लाख बायकांमागे दोघींपेक्षाही कमी जणींना झाला. बहुतेकांचा आपोआप बरा होतो. नर्सने त्यात विचारायचं ते ताणाबद्दल कमी आणि स्टेरॉइडबद्दल जास्त: दम्याचा पंप, सांध्याचं इंजेक्शन, त्वचेचं मलम, ‘ताकदीची’ पुडी.

आता हे सगळं विचारायला माणूस आहे का? केंद्र सरकारने काही वर्षांपूर्वी संसदेत दिलेल्या माहितीनुसार तेव्हा देशात नोंदणीकृत परिचारिका ३३.४१ लाख होत्या, हजार लोकसंख्येमागे १.९६. अपेक्षा ३ ची. नोंदणी म्हणजे कामावर हजर असंही नव्हे. परदेशी गेलेल्या, निवृत्त झालेल्या, काम सोडलेल्या नोंदवहीत राहतातच. वॉर्डात हे कसं दिसतं ते मांडून बघू. ४० खाटा, रात्रपाळी आठ तासांची, सिस्टर दोघी. दोघींची मिळून ९६० मिनिटं, खाटेमागे २४. इंजेक्शनं, सलाईन, बीपी, नोंदी, नवा दाखल झालेला पेशंट, मेलेल्याचे कागद, सगळं त्यातच. ‘नर्स पेशंटशी बोलत नाहीत’ म्हणणाऱ्याने आधी हा भागाकार करावा.

येलमध्ये हे काम सगळं नर्सने केलं नव्हतं. बराचसा भाग प्रशिक्षण दिलेल्या स्वयंसेवकांनी केला होता. आपल्याकडे स्वयंसेवक नाहीत, पण खाटेखाली चटई टाकून झोपलेला एक नातेवाईक प्रत्येक पेशंटजवळ असतो, आणि सध्या त्याला फक्त औषधं आणायला पाठवलं जातं. चष्मा घरून आण, तो पुसून लाव, सकाळी खिडकी उघड, आज वार कोणता ते सांग, बोलताना आधी आपलं नाव सांग, रात्री संडासाला एकटं सोडू नकोस: हे त्याला दाखल करतानाच सांगता येतं. छापील कागद द्यायचा तर एक पान पुरे.

एक काम मात्र नातेवाइकावर टाकता येत नाही. दिसलेलं माणूस, उदास झालेलं मन, ‘आता जगून काय करायचं’ हा विचार, हे पेशंट मुलासमोर, सुनेसमोर बोलत नाही. त्यासाठी नातेवाईक चहाला खाली गेला असताना खाटेच्या कडेला बसावं लागतं. रात्रपाळीच्या २४ मिनिटांतून तेवढा वेळ निघतो की नाही, हे त्या सिस्टरच्या स्वभावावर कमी आणि भरल्या न गेलेल्या पदांवर जास्त अवलंबून आहे.